लेखी शब्दाचें प्रामाण्य

बोललेला शब्द वाऱ्यावर जातो आणि लिहिलेला शब्द राहतो, हें विधान इतक्या व्यासपीठांवरून इतक्या वेळां बोलून दाखविलें जातें कीं, तें लिहून ठेवण्याची कोणास गरजच वाटलेली नाहीं. विनोद बाजूस ठेविला तरी या एका वाक्यांत दोन निराळे दावे गुंडाळलेले आहेत, आणि ते सुटे केल्याशिवाय या विषयावर कांहीं उपयुक्त बोलतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. पहिला दावा विश्वासाचा : जें लेखी तें खरें. दुसरा मोलाचा : जें लेखी तें श्रेष्ठ. पहिल्याचा विचार इतिहासकारानें व न्यायाधीशानें करावा, दुसऱ्याचा टीकाकारानें. आपल्याकडे मात्र पहिल्याचा पुरावा हजर करून दुसरा शाबीत झाला असें मानण्याची चाल पडली आहे, आणि तिचा जाच आपल्या गद्य वाङ्मयाच्या मूल्यमापनास बराच झाला आहे. अलीकडे भाषणांचे संग्रह, मुलाखतींचीं पुस्तकें, एकानें सांगितलेलीं आणि दुसऱ्यानें ‘शब्दांकित’ केलेलीं आत्मचरित्रें यांचें पीक जोरानें आलें आहे. त्यांची प्रत ठरवितांना तर हा घोटाळा पदोपदीं आडवा येतो. म्हणून जुन्या मराठी लेखनाच्या आधारें तो थोडासा उकलून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

न्यायालयाची भूमिका प्रथम सांगून टाकूं, कारण ती सर्वांत सरळ आहे. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, एखाद्या कराराच्या शर्ती एकदां दस्तऐवजांत उतरल्या म्हणजे त्यांच्याविरुद्ध तोंडी पुरावा, कांहीं अपवाद सोडल्यास, ऐकावयाचा नाहीं. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमानें घेतली, तरी हें तत्त्व कायम राहिलें. पण कायद्यानें लेखाला हा मान दिला त्यांत शाईची पुण्याई कांहीं नाहीं. दोन पक्षांनीं मिळून एक मजकूर अशा ठिकाणीं ठेविला कीं, उद्यां कोणा एकाची गरज बदलली म्हणून तो बदलूं नये, एवढेंच त्याचें बळ. शिवाय तोच कायदा असेंही विचारतो कीं, हा कागद कोणाचा, ही सही कोणाची, हें अक्षर ओळखणारा कोण. कागदास साक्षीला उभें करावयाचें तरी त्याचा हात धरून आणणारें माणूस लागतेंच.

इतिहासाच्या प्रांतांत हा प्रश्न मराठींत खऱ्या अर्थानें उभा केला तो वि. का. राजवाडे यांनीं. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड 1898 सालीं निघाला. त्यांत 1750 पासून 1761 पर्यंतचीं, म्हणजे थेट पानिपतापर्यंतचीं, पत्रें आहेत. आणि त्यांस जोडलेली प्रस्तावना हा मराठी गद्यांतील एक पराक्रमच म्हटला पाहिजे. तींत राजवाड्यांनीं बखरी घेतल्या, अस्सल पत्रांशीं त्या ताडून पाहिल्या, आणि स्थळ, काळ व व्यक्ति यांविषयींचे त्यांतील घोटाळे निर्दयपणें उघडे केले. त्याच सुमारास वासुदेवशास्त्री खरे मिरजेस पटवर्धनी दप्तरांतून पत्रें निवडीत होते. पुढें 1930 ते 1934 या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे 45 भाग बाहेर पडले. एकदोन पिढ्यांच्या अवधींत मराठी माणसाचा आपल्या भूतकाळाशीं असलेला संबंध कानावरून डोळ्यांवर आला. या कामाचें ऋण कितीही मानिलें तरी थोडेंच होईल.

परंतु या विजयाच्या भरांत एक साधी गोष्ट नजरेआड झाली. बखर हीसुद्धां लेखीच होती. तीही पांढऱ्यावर काळें केलेलीच होती, आणि तिच्याही नकला लेखकांनीं बोरूनें उतरून घेतल्या होत्या. तेव्हां राजवाड्यांनीं जो झगडा मांडला तो कागद आणि कंठ यांच्यामधला नव्हता. तो दोन प्रकारच्या कागदांमधला होता. मग पत्रावर विश्वास कां बसतो आणि बखरीवर कां बसत नाहीं? भाऊसाहेबानें 1760 सालीं गोविंदपंत बुंदेल्यास लिहिलेलीं पत्रें वाचावीं. पैसा पाठवा, धान्य पाठवा, यमुनेवर नावांची तजवीज करा, अब्दालीची रसद तोडा, असा त्यांत सारखा तगादा आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उद्यांचा मुक्काम आहे, पानिपत नाहीं. बखरकाराला शेवट ठाऊक असतो. आणि ज्याला शेवट ठाऊक आहे तो मनुष्य मधली प्रत्येक गोष्ट त्या शेवटाकडे तोंड करूनच सांगतो. पत्राचें प्रामाण्य त्याच्या लेखीपणांत फारसें नाहीं. तें लिहिणाऱ्याच्या अज्ञानांत आहे, असें म्हटलें तर वाचकांस तें विक्षिप्त वाटेल, पण आम्हांस तें खरें वाटतें.

जुन्या माणसांस कागदाच्या दुबळेपणाची जाणीव आपल्याहून पुष्कळच तीव्र होती. समर्थांच्या दासबोधांतील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यांत पानाच्या भोंवतीं मोकळी जागा सोडण्यास सांगितलें आहे तें शोभेसाठीं नव्हे, तर कडा झडल्या तरी अक्षर झडूं नये म्हणून. कागदाचे बंद एकमेकांस डकवून लांबच लांब केलेल्या वतनपत्राच्या जोडांवर पाठीमागें शिक्के उमटविलेले आढळतात; मधला एखादा बंद काढून दुसरा घालतां येऊं नये हा त्यांतील हेतु. मजकूर संपला कीं तेथें मोर्तब, म्हणजे पुढें कोणीं ओळ वाढविली तर ती उघडी पडावी. ‘लेखनसीमा’ हा शब्दच किती बोलका आहे! ज्यांनीं लेखाभोंवतीं इतकीं कुंपणें घातलीं त्यांचा लेखावर आंधळा विश्वास होता असें कोण म्हणेल?

याहूनही मोठी गोष्ट पुढेंच आहे. मराठेशाहींतील राजकारणी पत्रें ज्यांनीं ओळीनें वाचलीं आहेत त्यांना एक अनुभव हटकून आला असेल. पत्र रंगांत येतें, प्रसंग बिकट होतो, आतां खरी मसलत कळणार म्हणून आपण पुढें सरसावतों, आणि पत्रलेखक शांतपणें सांगतो कीं, बाकीचा मजकूर पत्र आणणारा मुखजबानीनें सांगेल. येथें दार बंद! ज्या कागदास आपण इतिहासाचा अखेरचा आधार मानितों, त्या कागदानेंच आपलें सर्वांत मोलाचें काम जिभेवर सोंपवून हात झटकलेले असतात. कागद वाटेंत पकडला जातो, फोडला जातो, शत्रूच्या हातीं पडतो. विश्वासू माणूस मात्र गप्प बसूं शकतो. लेखी शब्द टिकतो हा त्याचा गुण खरा, पण त्या काळच्या मुत्सद्द्याला तोच त्याचा मोठा दोष वाटे. ती जबानी सांगणारा कारकून गेला, ऐकणारा सरदार गेला, आणि आपल्या हातीं राहिलें तें उरलेलें टरफल. संशोधकानें त्यावर समाधान मानावें, दुसरा इलाज नाहीं; परंतु सारें फळ हेंच, असें मात्र त्यानें म्हणूं नये.

ही जी पोकळी पत्र ठेवितें, तीच बखर भरून काढते, आणि बहुधा कल्पनेनें भरून काढते. 10 जानेवारी 1760 रोजीं बुराडीच्या घाटावर घायाळ होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्याच्या तोंडचें तें प्रसिद्ध उत्तर मराठी मुलाला पाळण्यांतून उतरतांच ठाऊक होतें. तें ऐकून टिपून घेणारा कोणी कारकून त्या वाळवंटांत दौत सोडून बसला होता असें मानणें कठिण आहे. मग तें टाकून द्यावयाचें काय? इतिहासाच्या न्यायासनावर बसलेल्यानें खुशाल बाजूला ठेवावें. तो त्याचा अधिकार. परंतु राजवाड्यांचे अनुयायी तेवढ्यावर थांबले नाहींत. साधन म्हणून जी बखर दुय्यम ठरली, ती वाङ्मय म्हणूनही दुय्यम, हें अनुमान हळूंहळूं आमच्या महाविद्यालयीन टिपणांत येऊन बसलें, आणि आम्हांस तें साफ अमान्य आहे. ‘भाऊसाहेबांची बखर’ मोठ्यानें वाचून पाहावी. तिचीं वाक्यें डोळ्यांसाठीं रचलेलींच नाहींत. समोर दहापांच मंडळी बसलेली आहेत, कोणी हुंकार देत आहे, कोणी पुढें काय म्हणून विचारीत आहे, अशा बैठकींत तीं घडलेलीं आहेत. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’ या शब्दाची उलटापालट होऊन बनला असें बहुतेक अभ्यासक मानितात. आणि खबर ही मुळांत ऐकावयाची वस्तु. तिला दस्तऐवजाच्या मापानें मोजून खोटी ठरविणें म्हणजे पोवाड्याच्या शाहिराला फौजेची हजेरी मागण्यासारखें आहे.

लेखाच्या प्रामाण्यावर आपला विश्वास किती खोल आहे, आणि तो विश्वास किती विचित्र पायावर उभा असूं शकतो, याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे ‘ध’ चा ‘मा’. 30 ऑगस्ट 1773 रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं खून केला. राघोबादादांनीं पुतण्यास ‘धरावें’ असा हुकूम दिला होता आणि आनंदीबाईनें त्यांतील एक अक्षर फिरवून ‘मारावें’ केलें, ही हकीकत मराठींत म्हणीइतकी रुळली आहे. ग्रँट डफनें 1826 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत ती दिली : रामशास्त्र्यांस पुढें मूळ कागद सांपडला, त्यांत अक्षर बदललेलें दिसलें, आणि तें आनंदीबाईनेंच बदललें असें सर्वत्र मानिलें जातें. हे तीन भाग नीट तपासून पाहण्यासारखे आहेत. पहिल्या दोहोंचा आधार एक कागद, जो ग्रँट डफ आपल्यापुढें ठेवीत नाहीं. तिसऱ्याचा आधार ‘सर्वत्र मानिलें जातें’, म्हणजे निव्वळ लोकवदंता. एका बाईच्या कपाळीं अडीचशें वर्षें जो डाग बसला आहे तो फिरविलेल्या अक्षराचा. पण तें फिरविलेलें अक्षर आपण कोणी पाहिलेलें नाहीं, फक्त ऐकलेलें आहे. आनंदीबाई निरपराध होती असा निकाल देण्याचा आमचा मानस नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या कथेला जो वजनदारपणा आला तो तिच्या मध्यभागीं एक कागद असल्यामुळें आला. वाड्यांत कोणी कोणाच्या कानांत कुजबुजलें एवढीच अफवा असती तर ती शंभर अफवांत मिसळून केव्हांच विरून गेली असती. कागदाचें नुसतें नांव घेतल्यानें ऐकीव गोष्ट लेखी झाली! प्रत्यक्ष कागदापेक्षां कागदाची कीर्तिच येथें साक्षीदार होऊन उभी आहे.

आतां याच्या उलट टोकाचें उदाहरण घेऊं. आणि तें मराठी गद्याच्या अगदीं आरंभाचें आहे. चक्रधरस्वामींनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. ते चालत, बोलत, दृष्टांत देत, आणि भोंवतालचीं माणसें ऐकत. ते निघून गेल्यावर त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य त्या आठवणींचें सारखें मनन करीत असत. तें पाहून सराळ्याच्या म्हाइंभटानें त्या लिहून काढण्याची कल्पना काढली, असें संप्रदायाचें सांगणें आहे. म्हाइंभट हा शास्त्रें पढलेला, वादविवादांत मुरलेला पंडित. पण त्यानें पंडिताचें काम केलें नाहीं, चौकशी करणाऱ्याचें केलें. ज्या प्रसंगीं जे कोणी हजर होते, त्यांच्याकडे तो जाऊन बसला, त्यांचें ऐकलें, नागदेवाचार्यांशीं ताडून पाहिलें, आणि मग लिहिलें. इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या पावांत अशा रीतीनें ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालें.

या ग्रंथाचा पुढील इतिहास तर आमच्या विषयाच्या दृष्टीनें अद्भुतच आहे. मूळ पोथी पुढें स्वारीच्या धामधुमींत नाहींशी झाली असें संप्रदाय सांगतो. आणि मग ज्यांना ती पाठ होती अशा माणसांच्या स्मरणांतून ती पुन्हां उभी करण्यांत आली. हिराइसा या स्त्रीच्या नांवानें ओळखला जाणारा पाठ हा त्यांपैकींच एक. म्हणजे बोललेलें कानांत गेलें, कानांतून कागदावर आलें, कागद गेला, पुन्हां कंठांत राहिलें तें कागदावर आलें. आणि नंतर परकीयांच्या हातीं पडूं नये म्हणून सांकेतिक लिप्यांच्या कुलपांत जाऊन बसलें तें विसाव्या शतकापर्यंत. ह. ना. नेने यांनीं 1936 पासून तें छापावयास आरंभ केला, वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ति 1978 सालीं निघाली. आतां या प्रवासांत लेखी कोणतें आणि तोंडी कोणतें हें कोणीं सुरी घेऊन वेगळें करून दाखवावें!

तरीही, आणि हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे, ‘लीळाचरित्र’ वाचतांना विश्वास वाटतो. कां वाटतो? प्रत्येक लीळा कोठें घडली, कोण जवळ होतें, कोणीं काय विचारिलें, हें त्यांत बारकाईनें नोंदलेलें आहे. त्याहून महत्त्वाचें असें कीं, एकाची आठवण एक सांगे आणि दुसऱ्याची दुसरें, तेथें महानुभाव ग्रंथकारांनीं एक पाठ दडपून दुसरा थाटानें मांडला नाहीं. ‘वासना’ आणि ‘शोध’ अशीं नांवें देऊन त्यांनीं मतभेद पोथींतच राहूं दिले. अमक्याच्या स्मरणाप्रमाणें असें, तमक्याच्या स्मरणाप्रमाणें तसें. ज्या ग्रंथांत परमेश्वरावताराचें चरित्र सांगावयाचें आहे, त्यांत आपल्याच साक्षीदारांचें एकमत नाहीं हें लिहून ठेवावयास केवढा सचोटीचा धीर लागतो, याचा विचार करावा. आजच्या किती चरित्रकारांच्या अंगीं तो आहे? शिवाय त्या गद्याचें मोल पाहावें. वाक्यें तुटक, क्रियापदें चपळ, वस्तु समोर ठेवून बोलणारीं. पाठीवर पांडित्याची झूल नाहीं. म्हाइंभटाला संस्कृत-प्रचुर प्रौढ गद्य लिहितां आलें नसतें असें कोण म्हणेल? त्यानें आपली विद्या खुंटीला टांगून इतरांचें बोलणें कागदावर उतरविलें, आणि म्हणून मराठी गद्याला आरंभींच बोलण्याचा ताल मिळाला. पुढें केसोबासांनीं याच चरित्रांतून स्वामींचीं वचनें वेचून ‘सूत्रपाठ’ केला. तो उपदेश म्हणून थोर खरा. पण प्रसंगांतून सुटें झालेलें वचन आणि प्रसंगांत बोललेलें वचन यांत जो फरक पडतो, तो दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवून वाचणाऱ्यास सांगावा लागणार नाहीं.

तुकोबांच्या गाथेविषयीं दोन शब्द पुरेत. इंद्रायणींत बुडविलेल्या वह्या तेराव्या दिवशीं कोरड्या वर आल्या, ही एक कथा. वह्या गेल्या पण अभंग लोकांच्या मुखीं असल्यामुळें वांचले, ही दुसरी. पहिली कागदाच्या बाजूची, दुसरी कंठाच्या. कोणास कोणती आवडते यावरून त्या माणसाची जात ओळखावी. वेदांचें तर बोलावयासच नको. पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पाठांच्या योजनेनें आमच्या वैदिकांनीं स्वरासकट अक्षर जितकें जपलें, तितकें कोणत्याही नकलनविसाला जपतां आलेलें नाहीं. आमचे तज्ज्ञ पोथीपेक्षां दशग्रंथ्याच्या तोंडालाच अधिक मानीत आले. आणि प्लेटोनें ‘फीड्रस’ या संवादांत लेखनकलेवर घेतलेला आक्षेप, कीं लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुनः पुन्हां तेंच एक उत्तर देतो, हा इंग्रजी शिकलेल्या आम्हां मंडळींच्या फार आवडीचा. तो त्यानें लिहूनच ठेविला, म्हणून आपणांस आज उद्धृत करितां येतो, ही टीकाही आतां जुनी झाली आहे.

वास्तविक प्लेटोचा हा आक्षेपच लेखाचा गुण आहे असें आम्हांस वाटतें. तोच प्रश्न दहा वेळां विचारला असतां दहा वेळां तेंच उत्तर देणारा साक्षीदार दुसरा कोठें मिळणार? वक्ता सभा पाहून बोलणें बदलतो, आणि तें त्यानें बदललेंच पाहिजे. तीच त्याची कला. लेखकानें मात्र एकदां लिहिलें कीं तो पकडला गेला. अनोळखी वाचक, विरोधी वाचक, शंभर वर्षांनीं जन्मणारा वाचक, या सर्वांसमोर तो त्याच एका वाक्यानिशीं उभा. लेखी शब्दाला जो अधिकार आहे तो या उभें राहण्याच्या जोखमीचा आहे. ही जोखीम ज्या लेखानें पत्करलेली नाहीं, ज्याखालीं नांव नाहीं, ज्यांत कोणीं सांगितलें व कोणीं ऐकलें याचा ठाव नाहीं, तो कितीही सुबक छापलेला असला तरी गप्पांच्याच वर्गांत पडतो. उलट म्हाइंभटानें ऐकीव गोष्टींस ती जोखीम घ्यावयास लाविली, म्हणून त्या प्रमाण झाल्या.

या कसोटीवर आमच्या काळांतील शब्दांकित आत्मचरित्रें घासून पाहिलीं तर काय दिसतें? सांगणारा मनुष्य बहुधा खरा असतो. पुष्कळदां तो असें जीवन जगलेला असतो कीं, लिहित्या वर्गाला त्याची कल्पनाही नसावी. परंतु त्याचें बोलणें पुस्तकांत येतांना मधला लेखणीधारी गृहस्थ एक तर मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत लपतो, नाहीं तर पानोपानीं स्वतःच बोलूं लागतो. खेड्यांत जन्मलेली, अक्षरओळख नसलेली वृद्धा तिसऱ्या प्रकरणांत ‘सामाजिक विषमतेचें वास्तव’ असें म्हणूं लागली कीं आम्ही पुस्तक खालीं ठेवितों. ती बाई तसा विचार करीत नसेल असें नव्हे, कदाचित् आमच्यापेक्षां खोल करीत असेल. पण ते शब्द तिचे नाहींत, आणि तिचे शब्द काय होते हें कळण्याचा मार्ग शब्दांकन करणाऱ्यानें बुजवून टाकिलेला आहे. प्रश्न कोणते विचारले, उत्तरांतलें काय गाळलें, क्रम कोणीं लाविला, बोलीचें प्रमाण मराठींत रूपांतर कोठें केलें, यांतलें अवाक्षर प्रस्तावनेंत नसतें; प्रस्तावनेंत असते ती एका मान्यवराची पाठ थोपटणी. भाषणसंग्रहांचीही तीच अवस्था. सभेंत ज्या वाक्यावर लोक हंसले, तें वाक्य संग्रहांत गंभीर मुद्रेनें बसलेलें आढळतें. आणि विनोद कोठें होता हें शोधावयास वाचकास फार पायपीट करावी लागते.

यावर आतां कोणी म्हणतात कीं, ध्वनिमुद्रण हाताशीं असतां शब्दांकनकाराच्या सचोटीची एवढी चर्चा कशाला? मुद्रित आवाजच मूळ पोथी. आम्हांस हें अर्धेंच पटतें. मुद्रण कापतां येतें, सांधतां येतें, आणि हल्लीं तर न बोललेलें वाक्य एखाद्याच्या हुबेहूब आवाजांत तयारही करितां येतें; ‘ध’ चा ‘मा’ करावयास आतां वाड्यांतला दिवा मंद होण्याची वाट पाहावी लागत नाहीं. तेव्हां आवाजालाही जोडांवरचा शिक्का हवाच. मुद्रण केव्हां, कोठें, कोणासमोर झालें, तें अखंड आहे कीं निवडक, आणि तें आज कोणत्या संस्थेंत ऐकावयास मिळेल, एवढी नोंद पुस्तकाच्या आरंभीं दोन पानांत मावते. आमच्या प्रकाशकांनीं तेवढीं दोन पानें मान्यवराच्या प्रस्तावनेंतून कापून काढावींत. आणि जेथें सांगणाऱ्याची आठवण व घरच्या दुसऱ्या माणसाची आठवण जुळत नाहीं, तेथें शब्दांकनकारानें दोन्ही छापाव्यात, एकीखालीं एक, नांवांसह. असा एखादा ग्रंथ मराठींत निघाला आणि आमच्याकडे परीक्षणास आला, तर त्याची भाषा ओबडधोबड असली तरी आम्ही त्यास या मासिकाचीं हवीं तितकीं पानें आनंदानें देऊं.